तुळशीचा ओझोन आणि एप्रिलचं ऊन

‘तुळस ओझोन सोडते, दारात लावा’ हा मेसेज कोल्हापुरातल्या आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. तुळस जरूर लावा. ती ओझोन सोडत नाही, आणि सोडत असती तर मीच ती दारातून हलवायला सांगितली असती. 15 ते 35 किलोमीटर उंचीवर ओझोन आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो. खाली नाकाशी आला की फुफ्फुसाची जळजळ करतो, सोयाबीनचं उत्पन्नही घटवतो.

गंमत म्हणजे हा ओझोन कुठल्याच धुराड्यातून निघत नाही, तो हवेतच तयार होतो. गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड उन्हानं फुटतो. सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूला चिकटला, की झाला ओझोन. पण मागे उरलेला नायट्रिक ऑक्साइड तोच ओझोन मोडून पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड होतो. हिशेब फिटला! तो बिघडवतात पेट्रोलच्या वाफा आणि फडात पेटवलेल्या उसाच्या पाल्याचा धूर. त्यांतल्या सेंद्रिय (कार्बनयुक्त) रेणूंपासून हवेत पेरॉक्सी मूलकं, म्हणजे झटकन क्रिया करणारे रेणूंचे तुकडे, बनतात आणि नायट्रिक ऑक्साइडला ती ओझोनच्या आधीच गाठून त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड करतात. मग ओझोन मोडायला फारसं कोणी उरत नाही, तो दुपारभर साठत जातो.

इथे तापमानवाढ आडवी येते. उष्मा वाढला की निलगिरीसारखी झाडं जास्त आयसोप्रीन सोडतात, म्हणजे सेंद्रिय रेणू आणखी वाढले. दुसरं, याच धुरापासून हवेत बनणारं पेरॉक्सीअॅसिटिल नायट्रेट, थोडक्यात ‘पॅन’ (आयकरवालं नव्हे). थंड हवेत हा रेणू नायट्रोजन डायऑक्साइडला दिवसचे दिवस अडकवून ठेवतो, एप्रिलच्या उन्हात तासाभरातच सोडून देतो. म्हणजे गाड्या तेवढ्याच, धूर तेवढाच, तरी ओझोन जास्त.

आता धोरण बघा. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कोल्हापूर आहे. पण त्याचं लक्ष्य धूलिकणांचं: 2017-18 च्या तुलनेत 2025-26 पर्यंत 40 टक्के घट. ओझोनला आठ तासांसाठी घनमीटरला 100 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, तो हवा निर्देशांकातही मोजतात. घट करण्याचं लक्ष्य मात्र नाही. रस्त्यावर पाणी मारून धूळ बसते, ओझोन बसत नाही. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 (धुराचे कडक निकष पाळणाऱ्या) गाड्या नायट्रोजन ऑक्साइड कमी सोडतात, ते चांगलंच. पण दाट रहदारीच्या भागात तेवढंच केलं तर ओझोन आधी थोडा वाढूही शकतो, कारण त्याला मोडणाराच कमी होतो. म्हणून सोबत वाफा आणि पाल्याचा धूरही रोखावा लागतो. पाला न पेटवता त्याची सरीत कुट्टी केली, तर धूलिकणही घटतात आणि ओझोनचा कच्चा मालही.