उपवनची चाळीस मिनिटं

ठाण्याच्या उपवन तलावाच्या कट्ट्यावर बसून समोरचा येऊरचा डोंगर पहिल्यांदा रंगवला, तेव्हा मी तो हिरवागार केला. झाडी आहे म्हणजे हिरवाच की! घरी येऊन बघतो तर डोंगर पार तळ्यात उतरलेला. वर्षानुवर्षं स्पॉटवर बसून जलरंग करणाऱ्या एका ज्येष्ठ मित्राला चित्र दाखवलं. ते म्हणाले, "डोंगर काढलास, मधली हवा राहिली."

हवा कशी रंगवायची? आपल्या आणि डोंगराच्या मध्ये हवेचा जो थर असतो, तो स्वतःच उजळलेला असतो. हवेचे रेणू प्रकाश विखुरतात आणि लहान तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून अधिक विखुरला जातो. आकाश निळं दिसतं ते यामुळेच, आणि तेच आकाश पातळ पडद्यासारखं डोंगरासमोरही पसरलेलं असतं. संध्याकाळी सूर्य येऊरच्या मागे जातो, त्यामुळे डोंगराची आपल्याकडची बाजू सावलीत असते. झाडांचा स्वतःचा हिरवा रंग तेव्हा क्षीण होतो आणि पडद्याचा रंग वरचढ ठरतो. अल्ट्रामरीन या गडद निळ्यात किंचित बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, घालून केलेला निळसर-करडा वॉश (पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर) तिथे चपखल बसतो. ट्यूबमधला हिरवा तिथे उपयोगाचा नाही.

अर्थात हे मोसमावर आहे. धूळ, धूर, पाण्याचे सूक्ष्म थेंब हे रेणूंच्या मानाने फारच मोठे. ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून हिवाळ्यातल्या धुरकट सकाळी डोंगर निळा न दिसता दुधी दिसतो. पावसाची मोठी सर येऊन गेली आणि उघडीप मिळाली, की तोच डोंगर हात लावावा इतका जवळ येतो. अंतर तेवढंच असतं; पडदा धुतला गेल्याने मेंदू फसतो. माझ्या हिरव्या डोंगराची गंमत हीच होती. डिसेंबरच्या संध्याकाळी मी सप्टेंबर रंगवून बसलो होतो.

दुसरी अडचण कागदाची. उन्हातली पांढरी भिंत आणि झाडाखालचं काळपट खोड यांच्यापासून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशात शेकडो पटींचा फरक सहज असतो. कोरा पांढरा कागद आणि त्यावरचा सगळ्यात गडद रंग यांच्यात जेमतेम वीस-पंचवीस पट. म्हणजे समोर दिसतं तसं उतरवणं मुळातच अशक्य! काय सोडायचं, हे चित्रकाराला ठरवावंच लागतं. तळ्यावरची चमक हवी असेल, तर तिथे कागद कोरा ठेवून बाकी सगळं एक पायरी गडद करायचं. चित्रकार डोळे किलकिले करून बघतात त्याचं कारणही इथेच आहे. पापण्या अर्ध्या मिटल्या की पानं, फांद्या, रेलिंगचे गज असले तपशील विरघळतात आणि उजेड-अंधाराचे तीन-चार मोठे तुकडे उरतात. चित्र त्या तुकड्यांवर उभं राहतं. आपल्याकडे हौशी मंडळी डोंगराचा आकार बिनचूक काढण्यात निम्मा वेळ घालवतात. मला तो वाया गेलेला वेळ वाटतो.

सावल्यांचंही तसंच. भर दुपारी पांढऱ्या भिंतीवर पडलेली सावली आपण 'काळी' म्हणतो. कागदाची नळी करून फक्त तेवढाच तुकडा बघा, निळा दिसेल. तिथे थेट ऊन पोचत नाही, निळ्या आकाशाचा उजेड मात्र पोचतो. भिंत पांढरी आहे हे मेंदूला ठाऊक असतं, म्हणून एरवी तो निळा रंग परस्पर वजा करून टाकतो.

आणि मग वेळ. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८९०-९१ मध्ये फ्रान्समधल्या जिव्हर्नी इथे शेतातल्या गंज्या सुमारे पंचवीस कॅनव्हासवर रंगवल्या. उजेड बदलला की ते कॅनव्हास बदलत. त्यांची ही पद्धत इथे वापरायची तर अधिक चपळाई लागेल. जिव्हर्नी ४९ अक्षांशावर, ठाणे १९ वर. विषुवदिनांच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसांच्या सुमारास तिथला सूर्य क्षितिजाकडे तिरका घसरत जातो, तासाला जेमतेम १० अंश खाली. आपल्याकडे तो जवळपास सरळ उतरतो, तासाला १४ अंश. क्षितिजापासून १० अंशांवर असलेला सूर्य मावळायला तिथे तासभर लागतो, इथे चाळीसेक मिनिटं. उपवनला तर येऊर मध्ये असल्याने तीही पुरती मिळत नाहीत. सूर्य क्षितिजाच्या बऱ्याच आधी डोंगराआड जातो आणि डोंगराची सावली तळ्यावरून आपल्या दिशेने सरकू लागते.

म्हणून आता मी बसलो की आधी पेन्सिलीने सावलीच्या कडा आखून घेतो आणि बाजूला वेळ लिहितो. परवाच्या चित्रावर ५:१० लिहिलंय. ५:३० ला सावली कट्ट्यापाशी आली होती, पण कागदावर मी ती तळ्याच्या मध्यावरच ठेवली.