गाइडची जागा रॉड वाकवूनच ठरवा

पंचगंगेत रोहूसाठी बसा नाहीतर तळ्यात मरळीमागे लागा, स्वतः बांधलेल्या मासेमारीच्या रॉडची खरी कसोटी गाइडच्या, म्हणजे दोरी ज्यांतून जाते त्या कड्यांच्या, जागांवर लागते. महागातला ब्लँकसुद्धा जागा चुकल्या की मोडतो.

ब्लँक म्हणजे राळ मुरलेल्या कार्बन कापडाची नळी. कापड निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळून भट्टीत भाजतात आणि सळई ओढून काढतात. कापडाची कड जिथे एकावर एक येते तिथे भिंत जाड होते, म्हणून ब्लँक सगळ्या बाजूंनी सारखा वाकत नाही. जाड टोक फरशीवर टेकवा, मधोमध तळव्याने दाबून बाक आणा आणि हळूहळू गोल फिरवा. एका जागी तो हिसका देऊन स्थिरावतो. बाकाच्या आतल्या अंगाला पेन्सिलने रेघ मारा. रॉडखाली लटकणाऱ्या स्पिनिंग रिळाचे गाइडही रॉडच्या खाली असतात. ते याच रेघेवर घ्या.

७ फुटी ब्लँकला टोकाचा धरून ८ गाइड लागतात. आधी ते नुसत्या चिकटपट्टीने लावा, दोरी ओवा, मूठ घट्ट अडकवा आणि दोरी ओढून रॉड पुरता वाकवा. दोरी बाकाच्या सोबतीने गेली पाहिजे. दोन गाइडांमध्ये ती सरळ तोडून जात असेल, तर भार मोजक्याच जागी एकवटतो आणि ब्लँक तिथेच तडकतो. शेंडा जास्त वाकतो, म्हणून तिकडे अंतर कमी करत जा. या कामात तास गेला तरी चालेल.

जागा ठरल्या की गाइड दोरा गुंडाळून ब्लँकला बांधायचे. गाइडचे पाय आधी कानशीने पातळ करा, म्हणजे दोरा पायरी न पडता वर चढतो. बोटाने ढकलल्यावर गाइड किंचित सरकावा, एवढाच ताण दोऱ्याला ठेवा.

दोऱ्यावर लावायच्या इपॉक्सीचे दोन भाग, राळ आणि तिला घट्ट करणारा हार्डनर, बहुतेक समप्रमाणात मिसळायचे असतात. दोन वेगळ्या सिरिंजनी ३-३ मिली मोजा, ३ मिनिटं संथ ढवळा आणि ॲल्युमिनियम फॉइलवर पसरा. थर पातळ झाला की बुडबुडे निघून जातात. लावल्यावर ४-५ तास रॉड आडवा ठेवून सतत फिरवत राहा, नाहीतर थेंब खाली लोंबतो. कोल्हापूरच्या उद्यमनगर औद्योगिक वसाहतीत जाऊन संथ गिअर मोटर शोधणं हात दुखवण्यापेक्षा परवडतं. इथल्या जुलैतली दमट हवा मात्र घातक: हार्डनरमधलं अमाइन बाष्प आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून वर धुरकट, तेलकट साय आणतं. पावसाळ्यात दार-खिडक्या लावून, खोली उबदार ठेवूनच लावा. दुसऱ्या दिवशीही थर चिकट लागला, तर मिश्रण चुकलंय. वरून हार्डनर चोळू नका. नीट मोजलेला नवा हात द्या.

शेंड्याचा गाइड तेवढा गरम करून वितळणाऱ्या गोंदाने बसवा. त्याची कडी फुटली तर जरा ऊब देऊन तो काढता येतो.