फ्लटर वापरले की नेटिव्ह कोड नको? एक खुलासा
हिंजवडी-खराडीकडच्या नवशिक्या डेव्हलपरांच्या गटांत एक समज वर्षानुवर्षे फिरतो: फ्लटरमध्ये (एकाच कोडवरून अनेक प्लॅटफॉर्मची ॲप बनवण्याचे साधन) ॲप लिहिले की अँड्रॉइडच्या नेटिव्ह कोडशी, म्हणजे थेट अँड्रॉइडसाठी लिहिलेल्या कोडशी, संबंधच उरत नाही. साध्या ॲपमध्ये तशी वेळ क्वचितच येत असल्याने हा समज स्वाभाविक आहे. मात्र अँड्रॉइडसाठीच्या फ्लटर प्रकल्पात ‘अँड्रॉइड’ नावाचा फोल्डर असतोच, आणि त्यातील मॅनिफेस्ट (ॲपची माहिती व परवानग्या) व ग्रेडल (बांधणीचे साधन) यांच्या फाइलींवरच ॲपची बांधणी होते. हे पडताळण्यासाठी तो फोल्डर अँड्रॉइड स्टुडिओत स्वतंत्रपणे उघडावा, कोटलिन या अँड्रॉइडच्या भाषेतील मेथड चॅनेलच्या (फ्लटर व नेटिव्ह कोड यांच्यातील दुवा) हँडलरवर, म्हणजे कॉल हाताळणाऱ्या कोडवर, ब्रेकपॉइंट (थांबण्याची खूण) लावावा आणि चालू असलेल्या डीबग ॲपला डीबगर (कोड तपासण्याचे साधन) जोडावा. डार्टमधून (फ्लटरची भाषा) त्या चॅनेलवर कॉल जाताच ॲप नेमके तिथे थांबते, म्हणजेच नेटिव्ह कोड चालत असतो. कोटलिनमधील बदलाला हॉट रीलोड (ॲप चालू असतानाच डार्टमधील बदल दाखवणारी सोय) पुरत नाही, ॲप पुन्हा बिल्ड करावे लागते. माझ्या मते नवशिक्यांचा बहुतेक वेळ इथेच जातो.