नाटक बसवलं म्हणजे सिनेमा जमेलच?

राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर गाजलेली आमची नटमंडळी हल्ली अहिराणी गाणी, लघुपट करायला लागली आहेत. अभिनयाची दोन-चार बक्षिसं मिळाली की दिग्दर्शनाची ओढ लागतेच. पण "नाटक बसवलंय ना, मग सिनेमाही जमेल" असं कुणी म्हटलं की मी त्याला बसवून घेतो. दोन्हीकडे 'दिग्दर्शक' हाच शब्द असला तरी कामं दोन आहेत.

विजया मेहतांनी एकच गोष्ट दोन्हीकडे केली, म्हणून मी त्यांचंच उदाहरण देतो. जयवंत दळवींचं 'बॅरिस्टर' त्यांनी १९७७ मध्ये रंगभूमीवर आणलं. बॅरिस्टर होते विक्रम गोखले, आणि मावशीच्या भूमिकेत स्वतः विजयाबाई. पुढे त्याच गोष्टीवर त्यांनी हिंदीत 'रावसाहेब' हा चित्रपट केला. तिथे रावसाहेब अनुपम खेर, मावशी पुन्हा विजयाबाईच. त्या मावशीसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

नाटकात दिग्दर्शकाची सगळी सत्ता तालमीत. उठणं-बसणं, विराम, आवाजाची फेक हे महिना-दीड महिना घोटून घ्यायचं. तिसरी घंटा झाली की नाटक नटांच्या हाती, दिग्दर्शक विंगेत जीव मुठीत धरून उभा. प्रेक्षकानं कुणाकडे पाहावं हे प्रकाश आणि जागा वापरून सुचवता येतं, पण त्याची नजर धरून ठेवता येत नाही. आणि दिग्दर्शक स्वतःच भूमिकेत असला, तर चालू प्रयोग त्याला समोरून कधीच दिसत नाही.

सिनेमात नजर कॅमेऱ्याची. शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशीही चित्रित होऊ शकतो, त्यामुळे भूमिकेचा चढ-उतार नटाच्या अंगात नसतो, तो दिग्दर्शकाला डोक्यात सांभाळावा लागतो. शिवाय खरं लेखन पुन्हा एकदा संकलनाच्या टेबलावर होतं. आमच्याकडे उघड्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय लागलेली असते. क्लोजअपमध्ये तोच आवाज अंगावर येतो. मला तरी ही सवय मोडणं सगळ्यात अवघड गेलं.

धुळ्याकडच्या एका पोरानं त्याचीच एकांकिका चित्रित केली होती. मुलगा आईसमोर पानभर बोलतो आणि रडतो, असा प्रसंग. स्पर्धेत त्याला टाळ्या पडलेल्या. संकलनाला आम्ही दोघं रात्रभर बसलो आणि एकेक वाक्य काढत गेलो. शेवटी राहिलं एवढंच: आई काही न बोलता कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी त्याच्या ताटात वाढते, आणि तो खाली पाहतो. पोराला फार लागलं ते. त्याची वाक्यं खरोखर चांगली होती. रंगमंचावर मी त्यातलं एकही काढू दिलं नसतं.