ई-रीडर की टॅबलेट : मराठी ‘ई-पुस्तका’ची पार्श्वभूमी

वाचनासाठी ई-रीडर घ्यावा की टॅबलेट, ही चर्चा बहुधा डोळ्यांच्या ताणापासून सुरू होते. मराठी वाचकापुरता मात्र तिचा निकाल डोळ्यांपेक्षा फायलींनीच अधिक लावला आहे.

ई-शाईचा, म्हणजे कागदासारखा दिसणारा आणि स्वतःचा प्रकाश नसलेला पडदा असलेले वाचनयंत्र (ई-रीडर) २००४ साली जपानमध्ये विक्रीस आले, अॅमेझॉनचे किंडल हे असेच यंत्र २००७ मध्ये अमेरिकेत आणि आयपॅड हा टॅबलेट २०१० मध्ये. किंडल भारतात ऑगस्ट २०१२ मध्ये आले, पण त्याच्या ऑनलाइन पुस्तक-दुकानात मराठी विभाग उघडला तो डिसेंबर २०१६ मध्ये. मधली चार वर्षे फार महागात पडली, असे मला वाटते. कारण त्या काळात ई-रीडर घेतलेला मराठी माणूस त्यावर इंग्रजी वाचत राहिला आणि मराठीसाठी पीडीएफकडे वळला.

खरा गोंधळ ‘ई-पुस्तक’ या शब्दात आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ बराच काळ पीडीएफ असाच राहिला. पीडीएफ १९९३ मध्ये आली ती छापील पान कुठेही जसेच्या तसे दिसावे म्हणून; २००७ च्या ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारात मात्र मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्याने मांडला जातो. डेमी आकाराचे पान साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांचे असते, तर सहा इंची म्हणवणारा ई-रीडरचा पडदा रुंदीला जेमतेम साडेतीन इंच भरतो. त्यात ते पान बसवले की अक्षर निम्म्याच्या जवळ येते, रफार वेलांटीत मिसळतो आणि अनुस्वार आहे की नाही हे अंदाजाने ठरवावे लागते. दिवाळी अंकाचे दोन रकाने असतील तर प्रत्येक रकाना मोठा करून सरकवत न्यावा लागतो आणि संथ पडदा दर वेळी नव्याने उमटतो. टॅबलेटवर हेच काम बोटाच्या एका हालचालीत होते.

मग ईपब का झाली नाहीत? युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संगणकीय संकेतप्रणालीत, देवनागरी १९९१ पासून असूनही मराठी अक्षरजुळणी पुढे कित्येक वर्षे जुन्या फॉन्टांत होत राहिली. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असल्यामुळे मजकूर बाहेर काढला की रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गुंता हाती येतो. तो रूपांतरित केला तरी जोडाक्षरे तुटतात आणि मुद्रितशोधन पुन्हा करावे लागते. हा खर्च आणि नकलांची धास्ती ही प्रकाशकांची बाजू खोटी नाही. तरीही तयार पीडीएफवर भागवण्याचा निर्णय वाचकाला टॅबलेटकडे ढकलणारा ठरला, हे नोंदवले पाहिजे.

२०१२ पासून ई-रीडरला पडद्यावरच प्रकाश मिळाला आणि अंधारात वाचण्याची अडचण सुटली. २०२२ मध्ये किंडलही दहा इंची पडद्याचे झाले आणि त्यावर डेमी पान जवळपास मूळ आकारात मावते. मात्र अशा यंत्राची किंमत साध्या टॅबलेटच्या बरोबरीला किंवा वर जाते, आणि पीडीएफमधले अक्षर तिथेही वाचकाच्या सोयीने मोठे होऊन ओळी नव्याने जुळत नाहीत.