वनहक्काचा दावा: कोल्हापूरच्या धनगरवाड्यांसाठी पात्रता, पुरावे आणि प्रक्रिया

शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड तालुक्यांतील धनगरवाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या जनावरे राखून आणि नाचणी पिकवून राहणाऱ्या कुटुंबांना वनहक्क मान्यता अधिनियम, २००६ खाली जमिनीवर दावा करता येतो. राज्यात धनगर समाज अनुसूचित जमातींत नसून भटक्या जमातींत मोडत असल्यामुळे हा दावा 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून करावा लागतो, आणि अडचण नेमकी इथेच सुरू होते.

या प्रवर्गातील दावेदाराचे वास्तव्य १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, जंगलात असले पाहिजे आणि उपजीविका त्याच जंगलावर अवलंबून असली पाहिजे. ही अट वास्तव्याची आहे. ज्या तुकड्यावर दावा आहे तोच तुकडा ७५ वर्षे कसलेला असावा, असे कायदा म्हणत नाही. त्या जमिनीवरचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असला की पुरे. हा फरक दाव्यातच स्पष्ट शब्दांत लिहावा, कारण तो न कळल्यामुळे खरे दावे बाद होऊ शकतात.

७५ वर्षे मागे मोजली की आपण १९३० मध्ये, म्हणजे करवीर (कोल्हापूर) संस्थानाच्या काळात पोहोचतो. संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले ते १ मार्च १९४९ रोजी. संस्थानकालीन नकाशे, हक्कनोंदी आणि सवलतींच्या नोंदी नियम १३ नुसार पुरावा म्हणून ग्राह्य आहेत, आणि त्यांच्या शोधासाठी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात व तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात रीतसर अर्ज करावा. जुन्या कागदात आजोबा-पणजोबांचे नाव सापडले, तर तिथून आजच्या दावेदारापर्यंतची वंशावळ जोडावी. कागद मिळाला नाही म्हणून दावा सोडू नये. पडक्या घराचे जोते, दगडी ताली, विहीर, दफनभूमी, देवराईतील देवाचे ठिकाण याही खुणा पुराव्यात धरल्या जातात, तसेच दावेदार सोडून गावातील इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. एकाहून अधिक पुरावे मात्र हवेत. म्हातारी माणसे हयात आहेत तोवर त्यांचे जबाब आधी घ्यावेत. कागद नंतरही शोधता येतील.

वैयक्तिक दाव्यासाठी नमुना 'अ' मोफत मिळतो. तो भरून, ओळखपत्र आणि पुरावे जोडून ग्रामसभेने निवडलेल्या वनहक्क समितीकडे द्यावा व पोच घ्यावी. समिती जागेची पाहणी करते. त्या वेळी वन व महसूल विभागाचे कर्मचारी हजर असावेत आणि त्यांनी अभिप्रायासह सही करावी, असा नियम आहे. ही सही प्रत्यक्ष पडली की नाही, ते दावेदाराने स्वतः पाहावे. पुढे ग्रामसभा ठराव करते. सभेला किमान निम्मे सदस्य, हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला आणि किमान निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी लागतात. त्यानंतर प्रकरण प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीकडे जाते.

दावा नाकारायचा असेल तर कारणे लेखी कळवावी लागतात. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे ६० दिवसांत दाद मागता येते. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही हुसकावून लावता येत नाही. मान्य होणारे क्षेत्र प्रत्यक्ष ताब्याइतके, कमाल ४ हेक्टर असते. पट्टा पती-पत्नीच्या संयुक्त नावे निघतो, वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही.

गायरान, पाणवठे, हिरडा, मध यांवरचा हक्क साऱ्या वाड्याचा असल्याने त्यासाठी नमुना 'ब' स्वतंत्र भरावा. म्हशी राखणाऱ्या वाड्याला चराईचा हक्क शेताच्या तुकड्याइतकाच मोलाचा आहे. विजेची लाईन, सौरऊर्जा, पिण्याचे पाणी, रस्ता किंवा अंगणवाडी यांसाठी कलम ३(२) आहे: प्रत्येक कामासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागत नसतील आणि ग्रामसभेची शिफारस असेल, तर ती जमीन वळती करता येते. काम करणाऱ्या यंत्रणेचा प्रस्ताव ग्रामसभेच्या ठरावासह वनविभागाकडे जातो, आणि हा ठराव वैयक्तिक दाव्यांपासून वेगळा लिहून घ्यावा.