बोंगो फ्लेवा नक्की कशाला म्हणायचं? टांझानियाच्या गाण्यांची थोडी पार्श्वभूमी

टांझानियाची गाणी म्हटलं की आज सगळे बोंगो फ्लेवाच म्हणतात, पण त्यात काय धरायचं आणि काय नाही यावर दार एस सलाममध्येही एकमत नाही. 'बोंगो' हे त्या शहराचं टोपणनाव, स्वाहिलीत 'उबोंगो' म्हणजे मेंदू त्यावरून आलेलं, थोडक्यात डोकं चालवल्याशिवाय निभाव लागत नाही असं शहर (आता बोलताना अख्ख्या देशालाच बोंगो म्हणतात). फ्लेवा म्हणजे आपलं फ्लेवरच.

नव्वदच्या दशकात रेडिओवर अमेरिकन रॅप आणि आरअँडबी वाजायचं, त्यातून लोकल माल वेगळा कळावा म्हणून हे लेबल चिकटलं. तेव्हा ते मुख्यतः स्वाहिली रॅपला होतं, बेकारी, पोलीस, भ्रष्टाचार असे विषय. २००० नंतर गोड चालींची प्रेमगीतं आली आणि धंदा तिकडे वळला, मग जुने रॅपवाले म्हणायला लागले की आम्ही हिपहॉप, आम्हाला बोंगो फ्लेवात मोजू नका. बँडवाली जुनी पिढी तर म्हणायची की कॉम्प्युटरवर बीट लावून बडबड करणं हे संगीतच नाही. मला रॅपवाल्यांचं पटतं, पण नाव आधी त्यांच्याच गाण्यांना पडलं होतं हे ते सोयीस्कर विसरतात.

तसा नावांचा घोळ तिथे जुनाच. आधीच्या पिढीतल्या कितीतरी बँडच्या नावात 'जाझ' असायचं, मोरोगोरो जाझ, टबोरा जाझ वगैरे, आणि वाजायचा मात्र क्युबन-काँगो वळणाचा गिटार रुंबा. सुरुवात संथ, शब्द नीट ऐकू येतील अशी, आणि मग 'चेम्को' म्हणजे उकळी, गिटारी सुटायच्या आणि लोक नाचायला उठायचे. १९६७ च्या अरुशा घोषणेनंतर (सरकारचं समाजवादी धोरण जाहीर करणारी) समाजवाद आला, तेव्हा पोलीस, सैन्य, कामगार संघटना अशांचे बँड जोरात होते. वादकाला महिन्याचा पगार, पण गिटार संस्थेची, बँड सोडला की हात रिकामे. रेडिओ एकच, तोही सरकारी, रेकॉर्डिंग तिथेच व्हायचं आणि तबकडी छापायला नैरोबीला जावं लागायचं. १९७७ मध्ये केनियाची सीमा बंद झाली आणि तीही वाट गेली. १९६९ ला अमेरिकन सोल म्युझिकवर बंदी घातलेली ती वेगळीच.

झांझिबार या टांझानियाच्या बेटावरचा ताराब हा गाण्याचा प्रकार याहून जुना, अरबी वळणाचा, आणि त्याचा एक धागा थेट मुंबईत येतो, कारण १९२८ ला तिथल्या गायकांना स्वाहिली गाणी रेकॉर्ड करायला बोटीने मुंबईला आणलं होतं.

खरी उलथापालथ नव्वदीतच. खाजगी रेडिओ, टीव्ही आणि कॉम्प्युटरवर चालणारे छोटे स्टुडिओ जवळपास एकदमच आले, मग बँडची गरजच उरली नाही. लोक म्हणतात अमेरिकेची नक्कल, असेल, पण सरकारी रेडिओची मक्तेदारी तुटली नसती तर ही नक्कल ऐकवली असती कुणी? सरकारचा हात पूर्ण निघाला असंही नाही, २०१८ मध्ये अश्लील ठरवून बरीच गाणी वाजवायला बंदी केली होती.

आणि आता सिंगेली हे नवं संगीत. दार एस सलामच्या मान्झेसे, टंडालेसारख्या वस्त्यांमधून आलेलं, ताराबच्या कीबोर्डचे तुकडे पळवून पळवून लूप केलेले, मिनिटाला २०० च्या वर ठोके आणि त्यावर धापा टाकत रॅप. हे बोंगो फ्लेवात धरायचं का नाही, यावर तिथे परत तोच वाद चालू आहे.